आबांच्या ओट्यावरचं ऊन

तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा! पण तोंडातला चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागायचा आणि तेही पाप माझ्याच डोक्यावर यायचं. तर मंडळी, मी एका जिवंत माणसाला मारलं. रविवारी सकाळी नऊ वाजता, भर गल्लीत, पाच-सहा जणांच्या साक्षीनं! आणि का? तर स्वतःची तब्येत सुधारायची म्हणून.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही मलाच वेड्यात काढाल. तसे शेवटी काढणारच आहात.

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक. म्हणजे परीक्षानळ्या धुणारा. पण घरी आल्यावर मी शास्त्रज्ञ असतो, असं आमची मंगल म्हणते. दरवर्षी दिवाळी संपली की माझं काहीतरी बिनसायचं. सगळं जळगाव थंडी पडली म्हणून खूश. शेतात भरताच्या पार्ट्या, कळण्याच्या भाकरी, हसणं-खिदळणं! आणि मी? गोधडीत. सकाळी उठवेना, कोणाशी बोलवेना, भरीत समोर आलं तरी घास उतरेना. उगाच डोळे भरून यायचे. एवढा बावन्न वर्षांचा बाप्या, आणि भाजीत मीठ कमी म्हणून रडतो? मलाच माझी लाज वाटायची.

शेवटी मंगलनं धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, हे नाटक नाही आणि आळसही नाही. काही लोकांना ठरावीक ऋतूत अशी उदासी येते. दिवस लहान होतो, ऊन कमी मिळतं, माणूस घरात कोंडून घेतो."

"मग? इंजेक्शन?"

"आधी ऊन. सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. रोज अर्धा तास उन्हात बसा, सूर्याकडे मात्र बघायचं नाही. थोडं चाला. आणि माणसांत बसा, एकटं पडून राहायचं नाही. परदेशात यासाठी खास दिवे मिळतात, ते महाग. तुम्हाला जळगावचं ऊन फुकट आहे. महिन्याभरात फरक नाही पडला तर परत या, औषधं आहेत. लाजू नका."

आता गंमत बघा. औषध फुकट, पण ते आमच्या दारात येत नव्हतं! शेजारी तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून आमच्या घराला ऊन दुपारीच. सकाळचं ऊन पडायचं ते बरोबर समोर, आबांच्या ओट्यावर.

आबा म्हणजे समोरच्या नानांचे थोरले भाऊ. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान मंद, जीभ तिखट. मूलबाळ नाही. धाकट्या भावाची नात सोनल, तिला यांनीच खांद्यावर बसवून मोठं केलं. आणि खरं सांगतो, मला पहिल्याच दिवशी कळलं, म्हाताऱ्याला माझाच आजार आहे! दिवाळीनंतर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा तो थेट संक्रांतीला उठायचा. घरचे म्हणायचे, वय झालं.

मी विचारलं, "आबा, तुमच्या ओट्यावर बसू का रोज?"

"ऊन मना ओट्यावर पडस, ते काय तुना बापनं शे का?" आबा गोधडीतूनच ओरडले. मग थोड्या वेळानं, "बस. पन बडबड करू नको."

मी बडबड केली. रोज केली. चौथ्या दिवशी आबा गोधडी ओढत बाहेर आले. आठवड्याभरात आमचे गफ्फारभाई येऊन टेकायला लागले, त्यांचं गल्लीच्या तोंडाशी गाद्या-रजया भरायचं दुकान. थंडीत आबांचे कान दुखतात म्हणून स्वच्छ कापसाचे बोळे तेच आणून द्यायचे. पंधरा दिवसांत मला भूक लागायला लागली. आणि एक दिवस मला पाच मिनिटं उशीर झाला तर पलीकडून आबांची आरोळी, "आज उशीर काब्र व्हयना रे?" सांगतो तुम्हाला, मला इतका आनंद झाला की मी चपला उलट्या घालून पळालो.

इथं थांबलो असतो तर काही झालं नसतं. पण मी शास्त्रज्ञ ना!

त्या रविवारी सोनलचा साखरपुडा होता. मुलाकडच्यांच्या सोयीनं धुळ्यात, मुहूर्त बारा चाळीसचा. नानांचं सगळं घर आदल्या दिवशीच धुळ्याला गेलं. आबा गेले नाहीत. थंडीत म्हाताऱ्याला कुठं हलवायचं, म्हणून त्यांना ठेवलं. नाना जाताना माझा हात धरून म्हणाले, "विलास, आबाकडे लक्ष ठेव रे. तुझ्याच भरवशावर सोडून चाललो."

भरवसा! ऐकलंत ना? लक्षात ठेवा हा शब्द.

मी म्हटलं, आज घर मोकळं आहे, उपचार पद्धतशीर करू. ओट्यावर मोठी सतरंजी अंथरली. पांढऱ्या रंगावरून उजेड परावर्तित होतो, म्हणून मागच्या भिंतीला पांढरी चादर लावली. आबांची बाज बाहेर काढली. गल्लीतले चार-पाच रिटायर्ड लोक बोलावले. थंडी म्हणून सगळ्यांच्या डोक्याला पांढरे रुमाल. शिवाय मोबाइलवर वाचलेलं, मन शांत करायला दहा मिनिटं डोळे मिटून मौन पाळावं. म्हणून मौन! आणि मंगलला सांगितलं, चहा आपल्या घरून किटलीत आण.

आता डोळ्यांसमोर आणा. दारात सतरंजी. रुमाल बांधलेली माणसं, माना खाली, कोणी बोलत नाही. शेजारची बाई परक्या घरी चहा घेऊन येतेय. मधोमध बाज, त्यावर आबा आडवे, आणि ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्यांनी पांढरी चादर तोंडावरून ओढून घेतलेली!

आपल्या खानदेशात दारात सतरंजी पडली, माणसं 'दारावर' बसायला आली, की माणूस काय समजतो? सांगायला हवं का? घरात मयत! मला तेव्हा कळलं नाही. देवाशपथ, मला वाटलं काय छान उपचार चाललाय!

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली. प्रकाश, नानांच्या भाऊबंदांतला. सोनलचा शालू आणि पेढे घेऊन धुळ्याला निघालेला. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजला. हातात शुभकार्याचं सामान, त्यामुळे तो पुढे येईना. लांबूनच त्यानं बाजेकडे बोट दाखवलं आणि हातानं खूण केली, काय?

मी मौनात. मला वाटलं, विचारतोय इथं काय चाललंय. मी काय केलं? शांतपणे डोळे मिटले, मान हलवली आणि बोट वर केलं. ऊन! ऊन घेतोय, असं सांगायचं होतं हो मला!

प्रकाशनं हात जोडले. मला वाटलं, काय संस्कारी मुलगा! मीपण हात जोडले. तो मोटारसायकल वळवून निघून गेला.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, नानांचा. उचलला तर नानांचा चेहरा पडलेला, मागे बायकांचा गलका.

"विलास! आबा... आबा..."

"आहेत ना! हे काय, इथंच आहेत," मी म्हटलं आणि दाखवायचं म्हणून पटकन आबांच्या तोंडावरची चादर बाजूला केली. फोन जवळ नेला.

आबांना गाढ झोप लागलेली. डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडं. आणि दोन्ही कानांत गफ्फारभाईंच्या कापसाचे पांढरेशुभ्र बोळे!

पलीकडून अशी किंकाळी आली की माझ्या हातातून फोनच पडायचा. ती सोनलची होती. त्याच क्षणी आमच्या गल्लीच्या सुमनअक्का दळण घेऊन वळल्या. ही बाई चार गल्ल्यांत रडायला पहिली! त्यांनी सतरंजी बघितली, बाज बघितली, पिठाचा डबा टाकला आणि हंबरडा फोडला, "आबाऽऽ, असे कसे गेले हो न सांगता!" तो हंबरडा सगळा फोनमधून धुळ्याला पोचला. आणि फोन कट!

सुमनअक्कांच्या रडण्यानं बहिऱ्या आबांनासुद्धा जाग आली. उठून बसले. अक्का किंचाळून मागच्या मागे सतरंजीवर बसल्या.

"काय व्हयनं? बठ्ठा काब्र जमनात? कोन मरनं?"

मला तर घाम फुटला, डिसेंबरात! आत्ता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की प्रकाश काय समजून गेला.

मी नानांना फोन लावला. बंद. सोनलला लावला. सात वेळा वाजला, मग उचलला. "काका, मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी," ती हुंदके देत होती.

"अगं जिवंत आहेत! थांब, बोल त्यांच्याशी!" मी फोन आबांच्या तोंडाला लावला.

"मी जित्ता शे! सांग त्यास्ले! मी जित्ता शे!" आबा गरजले.

पलीकडून नानांचा आवाज आला, रडवेला पण सुटलेला. "आबा, देवा रे!" मी म्हटलं, सुटलो. सुटलो कसला! मागून एका बाईचा करडा आवाज आला, नवऱ्या मुलाची आत्या. "फोनवर कोणताही म्हातारा बोलेल, आणि व्हिडिओ जुनाही दाखवता येतो. सुतक लपवून साखरपुडा उरकायचा बेत दिसतोय. आम्हाला फसवताय का?"

नाना फोन घेऊन बाजूला आले. इतक्या हळू आवाजात बोलले की मला त्यांची भीती वाटली. "विलास, ही माणसं उठायच्या तयारीत आहेत. ती बाई म्हणते, आजच्या दिवशी घरात मयत म्हणजे पोरीचा पायगुण. पोरगी ते ऐकून खोलीत दार लावून बसलीय. आबाला घेऊन ये. बारा चाळीसच्या आत, स्वतः. नाही आलास तर सोनलचं लग्न मोडलं, आणि ते तू मोडलं."

घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते!

गाडी कुठून आणू? रविवार, साखरपुड्याचा सीझन, ओळखीतल्या सगळ्या गाड्या बुक. गफ्फारभाई उठले, रुमाल झटकला. "विलासभाऊ, माझा टेम्पो आहे ना. गाद्या भरलेल्या आहेत पारोळ्याच्या, उतरवायला टाइम नाही. आबांना पुढे बसवा, तुम्ही मागे गाद्यांवर. चला!"

मंगलनं आबांना धुवट धोतर दिलं, कोट चढवला. मी गाद्यांच्या ढिगावर चढलो. निघालो!

तुम्ही कधी महामार्गावर उघड्या टेम्पोत, गाद्यांवर, डिसेंबरच्या वाऱ्यात बसलात? नका बसू. पण मला थंडी जाणवतच नव्हती. डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. लहानपणी आमच्या घरी चॉकलेट मागायला येणारी सोनल, दार लावून बसलेली. माझ्या चादरीपायी, माझ्या मौनापायी! पोरीनं कोणाचं काय वाईट केलं होतं हो?

एरंडोलला टेम्पो थांबला. मी वरून ओरडलो, "काय झालं?"

"आबा म्हणतात, चहा पाहिजे!"

"आबा, चहा धुळ्यात! पाया पडतो!"

आबा खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "मी मरेल माणूस शे ना? मरेल माणूसनी शेवटनी इच्छा बी नही का?"

चहा झाला. आठ मिनिटं गेली. मी दर मिनिटाला बाही वर सारून घड्याळ बघत होतो. पुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली, टेम्पो पाय ओढत चालला. फोन वाजला. सोनल.

"काका, कुठपर्यंत?"

"पारोळा आलंच."

"आत्याबाई चपला घालून बसल्यात." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. ती रडली असती तर परवडलं असतं.

पारोळ्यात गफ्फारभाईंनी गाद्या उतरवल्या नाहीत. दुकानदार हात हलवत राहिला, हे थांबलेच नाहीत. माल पोचवायची वेळ चुकली की हा माणूस जेवत नाही, मला माहीत आहे. मी मागून ओरडून धन्यवाद दिले. वाऱ्यात कोणाला ऐकू जाणार?

धुळ्याच्या अलीकडे जरा वेग कमी झाला तेव्हा आबांचा आवाज मागे यायला लागला. ते गफ्फारभाईंना सांगत होते, "माले कोनी इचारं का, आबा चाल म्हनीसन? बठ्ठा म्हनेत, तू पडी ऱ्हाय, थंडी शे. सोनलना साखरपुडा, आनि मी गोधडीमा!" मग म्हणाले, "बरं व्हयनं मरनू ते. कोनी लेवाले ते उनं."

मेले म्हणून का होईना, कोणी न्यायला तरी आलं, म्हणे! मी गादीत तोंड खुपसलं. खोटं कशाला बोलू, रडलो मी. पण हे रडणं त्या भाजीतल्या मिठावरच्या रडण्यासारखं नव्हतं.

बारा तेहतीसला कार्यालयाच्या दारात पोचलो. आणि बघतो तर काय, आत्याबाई पायऱ्या उतरतायत! मागे चार-पाच माणसं, हातात पिशव्या. मुलगा एका बाजूला खाली बघत उभा. नाना हात जोडून मागे मागे.

मी गाद्यांवरून उडी मारली. घाईत डोक्यावरचा पांढरा रुमाल काढायचं राहिलं. केसांत, मिशीत कापूस. डोळे लाल. मला तसा बघून दारातली एक म्हातारी "अगं बाई गंऽऽ" करून मटकन खाली बसली आणि आतून रडण्याचा आवाज सुरू झाला! म्हणजे आबांना मी आणलं आणि दारातच दुसऱ्यांदा मारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "बघा! प्रेत आणलंय की काय टेम्पोतून?"

मला बोलायचं होतं. मी नुसतं टेम्पोकडे बोट केलं.

तेवढ्यात टेम्पोचं पुढचं दार उघडलं. गफ्फारभाईंनी हात दिला आणि आबा उतरले. कोट नीट केला. कानातले बोळे काढून खिशात ठेवले. हळूहळू पायऱ्या चढून आत्याबाईंपुढे गेले आणि हात पुढे केला.

"माय, चिमटा लेई पाह्य."

आत्याबाई एक पाऊल मागे सरकल्या. आबांनी हात आणखी पुढे केला. "ले ना! मरेल माणूसले दुखत नही. माले दुखनं ते साखरपुडा, नही दुखनं ते तू जाय घर."

आणि काय सांगू, त्या बाईनं खरंच चिमटा घेतला! चांगला पिळून घेतला. आबा असे बोंबलले की स्वयंपाकघरातले आचारी बाहेर आले. पहिला हसला तो नवरा मुलगा. मग नाना. मग सगळे. वरच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि सोनल साडी सावरत जिना उतरून आली, ती थेट आबांच्या गळ्यात. आबा तिच्या पाठीवर थोपटत होते. बारा चाळीसला अंगठी चढली. आबा पुढच्या खुर्चीवर!

आत्याबाई जेवताना माझ्या पानासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पण मग एवढी माणसं रुमाल बांधून बसली होती, ती कशाला? गेलं तरी कोण होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आबांनी जिलेबीचा हात माझ्याकडे केला. "यानी अक्कल गयी व्हती! तिना दारावर बठेल व्हतात बठ्ठा!"

सगळी पंगत हसली. मीपण हसलो, दुसरं काय करणार?

महिन्यानं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "काय काका, उदास वाटतं का अजून?" मी सगळी कथा सांगितली. त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या आणि मग म्हणाल्या, ऊन चालू ठेवा, माणसं चालू ठेवा, मौन बंद करा. आबांचं विचाराल तर त्या वर्षी ते संक्रांतीची वाट न बघता रोज ओट्यावर. नाना आता कुठंही निघाले की पहिलं विचारतात, आबा, येतोस का? आबा बहुतेक वेळा नाही म्हणतात. पण कोणी विचारलेलं त्यांना हवं असतं.

मेमध्ये सोनलचं लग्न झालं. मला नानांनी मानाचं काम दिलं. आहेर नाही, पंगत नाही, वरात नाही. म्हणाले, "विलास, तू फक्त आबांच्या शेजारी बसायचं आणि आबांना झोपू द्यायचं नाही. एवढं तरी नीट कर."

केलं! अक्षता पडेपर्यंत म्हातारा टक्क जागा ठेवला. झोप लागली ती मला. पंख्याखाली, आडव्या खुर्च्यांवर, जेवणानंतर. जाग आली तेव्हा तोंडावर पांढरा रुमाल होता, दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते, भोवती माणसं गोळा झाली होती आणि सुमनअक्का उशाशी बसून पदर डोळ्यांना लावत होत्या.

रुमाल आबांनी टाकला होता.